मदत हवी आहे: एअर रायफल दर शॉटला वेगळा वेग दाखवतेय, डोकं फिरलंय

हौशी_नेमबाज
मंडळी, परवापासून वैतागलोय. ४.५ मिमीची रायफल आहे, क्रोनोवर (वेग मोजायचं यंत्र) दहा शॉट मारले तर सगळ्यात कमी १६६ आणि सगळ्यात जास्त १७९ मी/से. पेलेट (छर्रे) तेच, डबा तोच, मी तोच. स्प्रिंग अर्धा फेरा घट्ट केली, फरक नाही, मग सैल केली तर आणखीनच वाह्यात आकडे यायला लागले, आणि आता मूळ कुठे होती तेच आठवत नाहीये. रविवारी मॅच आहे. नक्की काय फिरवू ते पटकन सांगा.

स्प्रिंगवाला
तेल घातलंत ना आत? खरं सांगा, सगळेच घालतात. पिस्टनपुढे तेल राहिलं की दाबाने ते पेटतं, डिझेलिंग म्हणतात त्याला, जळका वास येतो आणि वेग उड्या मारतो. उघडा, पुसून काढा, सीलला मॉली ग्रीसचा नुसता हात फिरवा. आणि स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, माझ्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतंय.

फक्त_पीसीपी
अहो थांबा, ते अर्धा फेरा म्हणतायत. तुमच्या स्प्रिंगरला (स्प्रिंग-पिस्टनवाल्या रायफलला) फेरे कुठून आले? ही हॅमर स्प्रिंग असणार, म्हणजे पीसीपीतली, सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालते ती रायफल. धागाकर्ते, रायफल कुठली, रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आहे का, किती बार दाबाला भरता, एवढं तरी लिहायचं राव!

हौशी_नेमबाज
पीसीपीच, मला वाटलं कळलं असेल. रेग्युलेटर आहे. २०० ला भरतो.

स्प्रिंगवाला
मग नुसतं स्प्रिंग काय लिहिता. स्प्रिंगर घेतली असती तर ना सिलिंडर, ना रेग्युलेटर, ना ही कटकट.

फक्त_पीसीपी
हो, फक्त नख वाकडं.

आकडेमोड
दहा मीटरवरच मारता ना? मग १६६ आणि १७९ मधला फरक कागदावर साधारण अडीच मिमी खाली-वर, म्हणजे अख्खी एक रिंग. तेव्हा "एवढ्याने काय होतं" म्हणणारे येतील त्यांचं ऐकू नका. पण क्रोनो ट्यूबलाइटखाली ठेवलाय का? ट्यूब लुकलुकते आणि सेन्सर फसतो. आणि दहाही आकडे मारले त्या क्रमाने टाका, नुसतं कमी-जास्त सांगून काही कळत नाही.

नवखा२
मध्येच विचारतो, माझा डायॉप्टर (मागची साइट) क्लिक केला तरी पेलेट डावीकडेच जातं, काय करू?

आकडेमोड
वेगळा धागा काढा हो.

हौशी_नेमबाज
ट्यूबच होती 😬 खिडकीपाशी नेऊन परत मारले. १७९, १७०, १६९, १६८, १७०, १६९, मग फोन आला म्हणून वीसेक मिनिटं गेली, १७८, १६९, १६६, १६९.

फक्त_पीसीपी
हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर! पडून राहिल्यावरचाच शॉट चढतोय. रेग्युलेटर क्रीप. रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह बसतो त्या सीटवरून हवा हळूहळू झिरपते, पुढच्या चेंबरमधला दाब वाढतो आणि पहिला शॉट जोरात जातो. सीटवर कचरा नाहीतर ओ-रिंग (रबरी सील) गेलेली. हॅमरला आता हातही लावू नका. तो १६६ वाला पेलेटचा असेल, थोडी वजन करून बघा.

स्प्रिंगवाला
मॅचला थांबल्यावर पहिला शॉट हवेत सोडून द्यायचा, झालं.

आकडेमोड
काहीही काय! मोजणीचे शॉट सुरू झाल्यावर पेलेटशिवाय नुसती हवा सोडली तरी मिस धरतात. साइटिंगमध्ये (मोजणीआधीच्या सरावात) हवे तेवढे मारून घ्या आणि नंतर एका लयीत मारत राहा, ७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे तसाही फार वेळ पडून राहत नाही.

हौशी_नेमबाज
बरं. पण आजच उघडतो रेग्युलेटर, कोपऱ्यातला स्क्रू सैल करायला घेतलाय, जाम घट्ट आहे.

फक्त_पीसीपी
सिलिंडर काढलात ना? आतली हवा सोडलीत??

हौशी_नेमबाज
ती आधी सोडायची असते का

फक्त_पीसीपी
पाना खाली ठेवा. आत्ता. आणि ठेवला की इथे लिहा.

नवखा२
डायॉप्टरचा धागा काढलाय, कुणीतरी बघा.