टियागो ईव्ही विरुद्ध ऑक्टाव्हिया आरएस: सोलापूरच्या रस्त्यावर ताकद वापरायची कुठे?

जुळे सोलापूरकर
‘दोनशे पंचेचाळीस’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी काल असे मत मांडले की, टाटाची विजेवर चालणारी टियागो ईव्ही हे बॅटरीवरचे खेळणे असून स्कोडाची पेट्रोलवरची सेडान ऑक्टाव्हिया आरएस २४५ हीच खरी गाडी आहे, आणि या दोहोंची तुलना करणाऱ्याने आधी गाडी चालवायला शिकावे. मी टियागो ईव्ही चालवतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आरएसचे आकडे मलाही पाठ आहेत: २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), शून्यापासून शंभरपर्यंत ६.६ सेकंद, आणि २०२० साली भारतासाठी आणलेल्या जेमतेम २०० गाड्या. यंत्र म्हणून ती उत्तमच आहे. परंतु सात रस्ता ते नवी पेठ या प्रवासात त्या ताकदीपैकी किती हाती लागते, याचा विचार या अभिमानात कोठेच दिसत नाही. शहरात शर्यत होते ती शून्य ते साठची, तीसुद्धा रिक्षाच्या मागून. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण टॉर्क देते. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) भरण्याची किंवा गिअर पडण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच अवघ्या ७४ अश्वशक्तीची टियागो ५.७ सेकंदांत साठचा वेग गाठते असे कंपनी सांगते, आणि सिग्नल सुटल्यावर ते खरे वाटते. बाळीवेशीच्या गल्लीत पावणेचार मीटरची गाडी वळते, तेथे ४.६९ मीटर लांबीची, १८ इंची चाकांवर बसवलेली सेडान प्रत्येक गतिरोधकापुढे तिरकी होऊन नमस्कार घालते. जी ताकद वापरताच येत नाही, तिला कामगिरी का म्हणावे?

दोनशे पंचेचाळीस
गल्लीबोळांतच फिरायचे असेल तर सायकल घ्यावी, ती टियागोपेक्षाही सहज वळते. माझा मुद्दा महामार्गाचा आणि दुपदरी रस्त्यांचा होता, तो आपण सोयीस्करपणे गिळला आहे. गळीत हंगामात कुर्डुवाडी–बार्शी रस्त्यावर रात्री एकदा जाऊन पाहा. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिव्याचा पत्ता नाही, समोरून एसटी येण्याची शक्यता. तेथे चाळिसावरून शंभरावर जायला जितके सेकंद कमी लागतात, तितका वेळ आपण चुकीच्या बाजूला कमी असतो. माझ्या लेखी ती सुरक्षितता आहे, आणि तिलाच मी कामगिरी म्हणतो.

दुसरे असे की, मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना रात्री अचानक पुण्याला हलवावे लागले. आपल्या टियागोसारख्या गाडीत त्यांना बसवून मी इंदापुरात चार्जर शोधत, तो चालू आहे की बंद याची चौकशी करत तासभर थांबलो असतो काय?

जुळे सोलापूरकर
सासरे सुखरूप आहेत असे गृहीत धरतो. अशा रुग्णाला रुग्णवाहिकेतून न्यावे, २४५ अश्वशक्तीतून नव्हे, हे सांगण्याची वेळ यावी याचे नवल वाटते. पुण्याचे अडीचशे किलोमीटर २४ युनिटच्या बॅटरीवर एका दमात होत नाहीत, हे मी कधीच नाकारलेले नाही. वेग वाढला की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचे अंतर, वितळते. मात्र वर्षातून मोजक्या वेळा पुण्याला जाण्यासाठी वर्षभर लिटरला आठ-दहा किलोमीटर देणारी गाडी शहरात फिरवणे, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही. चौपदरी महामार्गावर केंद्राने घातलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे, हेही सहज आठवले.

चादरवाले
आपण दोघेही मूळ अडचण सोडून बोलत आहात. वेग राहू द्या, ही गाडी लावायची आणि चार्ज करायची कोठे? मी आमच्या अपार्टमेंटचा सचिव आहे. एका सभासदाने कोणालाही न विचारता पार्किंगमधल्या सामायिक मीटरवरून १५ अँपिअरचे सॉकेट ओढले आणि रात्रभर गाडी लावून ठेवली. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे त्याच मीटरवर आहेत. बिल आल्यावर सभेत जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. पर्यावरण याचे आणि वर्गणी आमची, हा कोणता न्याय?

होटगी रोड
सचिव महोदय, नाण्याची दुसरी बाजू माझ्याकडून ऐका. मी रीतसर अर्ज केला, स्वतंत्र मीटरचा खर्च स्वतः सोसण्याचे लिहून दिले, तरी आमच्या सोसायटीने ‘आग लागेल’ या एका वाक्यावर तो महिनोन्महिने दाबून ठेवला. त्याच पार्किंगमध्ये भरलेले गॅस सिलिंडर आणि पेट्रोलच्या दुचाकी उभ्या असतात, त्यांना मात्र आग लागत नाही. खासगी जागेत चार्जिंगला परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. लागतो तो फक्त आपल्यासारख्यांचा हुकूम.

चादरवाले
‘आपल्यासारख्यांचा’ हा शब्द मागे घ्यावा. मी फुकट काम करतो आणि वर शिव्या खातो. परवाना लागत नाही म्हणून तार जाड होत नाही. एक गाडी ३.३ किलोवॅट सलग आठ-नऊ तास ओढते. तीन गाड्या एकदम लागल्या की दहा किलोवॅट झाले. जुन्या इमारतीची केबल त्या भाराची नाही. चव्वेचाळीस अंशांच्या मे महिन्यात प्रत्येक घरात एसी चालू असताना ती वितळली, तर मध्यरात्री माझेच दार वाजणार.

होटगी रोड
हे वाक्य आमच्या सचिवांनी उच्चारले असते तर भांडणच झाले नसते. भार मंजूर करून घ्या, केबल बदला, अर्थिंग तपासून घ्या, पैसे मी भरतो, असे मीच म्हणत होतो. पण अडचण तारेची आहे हे सांगण्याऐवजी ‘नियमात बसत नाही’ असे सांगितले जाते, आणि नियम दाखवा म्हटले की सभा तहकूब होते.

दोनशे पंचेचाळीस
वा! सॉकेटसाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागणाऱ्या गाडीचे गुणगान चालले आहे तर. आणि ही वीज येते कोठून? इकडे फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र धूर ओकते. माझ्या गाडीचा धूर निदान माझ्या मागे दिसतो.

जुळे सोलापूरकर
धुराचाच हिशेब करू. ग्रिडमधल्या एका युनिटमागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. माझी गाडी शंभर किलोमीटरला बारा युनिट घेते असे धरले तरी साडेआठ किलोच्या आत. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो, आपली गाडी शंभर किलोमीटरला दहा लिटर पीत असेल तर तेवीस किलो. बॅटरी बनवताना होणारे प्रदूषण यात धरलेले नाही, ते धरल्यास सुरुवातीला आपण पुढे असाल. तेवढ्या काळापुरता आनंद माना.

टोलचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मीच काढतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना समृद्धी, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर पूर्ण टोलमाफी मिळाली. यांपैकी एकही रस्ता सोलापुरातून जात नाही. पुण्याच्या वाटेवरच्या सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस या टोलनाक्यांवर आम्ही आरएसवाल्यांच्याच रांगेत उभे असतो.

दोनशे पंचेचाळीस
रांगेत तरी बरोबरी झाली, अभिनंदन. साडेआठ आणि तेवीस हे आकडे मी तपासले, त्यात खोड काढता येत नाही, एवढे लिहून देतो. परंतु ट्रॅक्टरचे उत्तर अजून आलेले नाही. शंभराच्या पुढे आपल्या गाडीचा दम संपतो की नाही, एवढेच हो किंवा नाही सांगावे.

जुळे सोलापूरकर
संपतो. म्हणून मी ट्रॅक्टरच्या मागे थांबतो.

चादरवाले
होटगी रोड, केबल बदलण्याचा खर्च खरोखर देणार असाल, तर इलेक्ट्रिशियनने दिलेले अंदाजपत्रक मला पाठवा. रविवारी आमच्याही सभासदांपुढे ठेवतो. चहा मात्र ज्याने सॉकेट ओढले त्याच्याकडून.