गरुड बघायचाय? ऊन तापू द्या

पहाटेपासून तीन तास थांबूनही गरुड दिसला नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नका, वेळ चुकली एवढंच. गरुडासारखे जड पक्षी पंख मारत दमण्यापेक्षा जमीन तापल्यावर वर उठणाऱ्या गरम हवेवर तरंगतात. ती हवा साधारण नऊ-दहानंतर उठायला लागते. तोवर ते झाडावर नाहीतर कड्यावर बसून असतात.

घार की गरुड, हा घोळ सगळ्यांचाच होतो. आधी शेपटी बघा. घारीच्या शेपटीला खाच असते, गरुडाची पंख्यासारखी गोल पसरते. आणि कावळ्यांचा एकदम कालवा झाला की मान वर करा, बहुतेक वेळा कुणीतरी शिकारी पक्षी असतोच.

माझा जीव सर्पगरुडावर. त्याची शीळ तो दिसण्याआधीच ऐकू येते. एकदा पायवाटेच्या वळणावर वाळक्या फांदीवर बसलेला भेटला, जेमतेम वीस पावलांवर. पिवळेधमक डोळे, डोक्यामागचा काळा-पांढरा तुरा वाऱ्याने विस्कटलेला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पापणीआडचा पातळ पडदा सर्रकन डोळ्यावरून गेला, आणि पुन्हा नजर खालच्या गवतात. मी कॅमेरा काढलाच नाही. दहा मिनिटं नुसता उभा होतो.

घरटं सापडलं तर मात्र लांबूनच दुर्बिणीतून बघा आणि जागा कुणाला सांगू नका. माणसांचा वावर वाढला की जोडी घरटं सोडून जाऊ शकते, आणि सर्पगरुड एका विणीत बहुधा एकच अंडं घालतो.