परवडणारी स्पोर्टी गाडी, साताऱ्याचे घाट: १२० पीएस पुरतात का?

यवतेश्वर_वळण:
नमस्कार मंडळी. बजेट ऑन-रोड १५ लाख. राहायला साताऱ्यात, पुण्याला येणं-जाणं, सुट्टीला कास, पाचगणी, कधी कुंभार्लीमार्गे चिपळूण. एरवी दोघंच, पण सणावाराला चौघं आणि डिकी भरलेली. नवी ह्युंदाई आय२० एन लाइन मॅन्युअल घ्यावी की वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५? एवढे पैसे मोजून आय२०त १२० पीएसच (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) मिळणार म्हटल्यावर मन होत नाही. पुरतात का?

टॉर्कपाना:
पुरतात. आय२०चे १२० पीएस ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतात. पसरणी घाटात सुई तिथवर क्वचितच जाते. घाटातलं ओव्हरटेकिंग २००० ते ३५०० मध्ये होतं, म्हणून तिथली ताकद बघा. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये (एनएम) घ्या; तो गुणिले आरपीएम भागिले ७०२४, की पीएस आले. आय२०चा १७२ एनएम टॉर्क १५०० पासूनच हजर असतो, म्हणजे २००० ला ४९ पीएस. व्हर्टसचा २५० एनएम, म्हणजे ७१.

आता गरज किती ते बघू. माणसांसकट गाडी १४०० किलो आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला, तर ताशी ४० चा वेग नुसता टिकवायला साधारण १५ पीएस लागतात. आय२०कडे ३४ शिल्लक. उसाच्या ट्रॉलीला मागे टाकायला दोघांसाठी हे भरपूर आहे, तेही गिअर न बदलता. चौघं आणि सामान असेल तर मात्र एक गिअर खाली घ्यावाच लागेल. व्हर्टसमध्ये बहुतेकदा लागणार नाही.

आणखी एक. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर १०० मीटर उंचीला अंदाजे १ टक्का ताकद गमावतं. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे, तिथे १२-१३ टक्के गेलेच. या दोन्ही गाड्यांतला टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. आपल्या भागात टर्बोला पैसे मोजायचे ते यासाठी.

कृष्णामाई_कराड:
वरच्या हिशेबाशी सहमत, पण वर चढवणारी ताकद जितकी बघता तितकंच उतरणंही बघा. आय२० एन लाइनला चारही डिस्क आहेत, व्हर्टसला मागे ड्रम. आंबेनळी उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेक सतत दाबून धरू नका. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतला ओलावा शोषतं, मग तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. आपल्याकडे पावसाळा चार महिने, त्यामुळे हे टाळू नका.

वापरलेल्या व्हर्टस जीटी बऱ्याचशा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मिळतील, १.५ ला मॅन्युअल २०२३ मध्ये आला. हा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. रविवारी खंबाटकी चढताना रांग इंचाइंचाने सरकते, तेव्हा क्लच अर्धवट पकडून घासतो आणि तापतो. पुढच्या गाडीमागे सरकत राहू नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे घ्या. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं; विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली तर सोडून द्या. सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि विम्याचे क्लेम मागा. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

माझं मत विचाराल तर स्कोडा स्लाव्हिया १.५ मॅन्युअल शोधा. इंजिन तेच, आणि क्लचचं दुखणं नाही.

यवतेश्वर_वळण:
धन्यवाद! स्लाव्हिया डोक्यातच नव्हती. नवी आय२० घेऊन रीमॅप केली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, तर जमेल का? आणि १०० ऑक्टेन पेट्रोल टाकायचं का?

टॉर्कपाना:
रीमॅप नको. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमही अडकतो. १०० ऑक्टेनचे पैसेही वाचवा, हे इंजिन साध्या पेट्रोलवरच जुळवलेलं आहे. त्याऐवजी पहिले टायर झिजले की चांगल्या पकडीचे घ्या. माप १९५/५५ आर१६ तेच ठेवा.

डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोलची एक सवय लावून घ्या: सहाव्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबायचा नाही. कमी आरपीएम आणि जास्त भार असला की ठिणगीआधीच इंधन पेटू शकतं, आणि पिस्टनला तडा जातो. आधी गिअर खाली, मग पाय.

कृष्णामाई_कराड:
पैशाचं राहिलंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, नव्या व्हर्टस १.५ ला ४०. शिवाय आपल्याकडे पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यावर २० लाखांपर्यंत १२. गाडी फर्मच्या नावावर घेऊ नका, कंपनीच्या नावे २० टक्के लागतो.

वर्षातले बहुतेक दिवस दोघंच असाल तर नवी आय२० घ्या. चौघांचं फिरणं महिन्याला होणार असेल तर स्लाव्हिया.