भूकंपाची ‘पूर्वसूचना’, ‘भाकीत’ की ‘पूर्वतयारी’?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): सोसायटीच्या फलकावर ‘भूकंप पूर्वसूचना व उपाय’ असं शीर्षक चालेल का?

भाषांतरकार, वाशी: नको. भाकणे म्हणजे पुढचं सांगणे, त्यावरून भाकीत. भूकंपाचं भाकीत म्हणजे कुठे, कधी, किती मोठा हे तिन्ही आधी सांगणं, आणि ते भरवशानं कुणालाच जमलेलं नाही. किल्लारीत १९९२ मध्ये लहान धक्के बसले, मग थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. डहाणू भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, पण तसा भूकंप आला नाही. धक्के बसतात म्हणजे मोठा येणारच, असं म्हणता येत नाही.

‘पूर्वसूचना’ जपानमध्ये मिळते, पण ती भूकंप सुरू झाल्यावर: वेगवान पहिल्या लाटा टिपून, जोरदार लाटा पोचण्याआधी काही सेकंद. तिला ‘इशारा’ म्हणणं जास्त नेमकं.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, ऐरोली: धोक्याचा ‘अंदाज’ही भाकितापासून वेगळा ठेवा. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत ठाणे भूकंप विभाग (झोन) ३ मध्ये आहे. इमारत किती हादऱ्यासाठी बांधायची ते यातून कळतं, तारीख नाही. पूर्वतयारीला तारीख लागतच नाही.

बांधकामातली पूर्वतयारी अगदी बारीक असते. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणारी सळई म्हणजे रिंग; तिच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आत वळवायचा. ९० अंशांवर सोडला, तर हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटताच रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. साइटवर घाईत नेमका हाच हूक राहतो. काँक्रीट ओतल्यावर तो दिसतही नाही, म्हणून आधीच तपासा. खाली मोकळं स्टिल्ट पार्किंग आणि वर भिंतीच भिंती असतील, तर हेलकाव्याचा सगळा ताण खालच्या कॉलमवर येतो.

घरात उंच कपाट एल-पट्टीनं भिंतीला बांधा. प्लास्टरच १२-१५ मिलिमीटर असतं. २५ मिलिमीटरचा स्क्रू निम्मा त्यातच अडकतो आणि उपटून येतो. ५० चा घ्या. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीत साधा प्लग धरत नाही, तिचा वेगळा मिळतो.

प्रश्नकर्ती: मग ‘भूकंप सज्जता’?

भाषांतरकार, वाशी: सज्जता ही स्थिती, पूर्वतयारी केल्यावर येणारी. तुमचा फलक कामं सांगणार: कपाट बांधा, हादरा थांबला की गॅसचा रेग्युलेटर बंद करा, लिफ्ट वापरू नका. म्हणून ‘भूकंपाची पूर्वतयारी’.