जुन्या लॅपटॉपवर घरचा मीडिया सर्व्हर: जेलीफिन टाकावं का? सल्ला हवा

टेपवाली:
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

बाबांनी मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर घेतलेल्या ३१ कॅसेट मी वर्षभर बसून एकेक करून संगणकावर उतरवल्या. तासाभराच्या कॅसेटची साधारण १३ जीबीची फाईल होते, म्हणजे सगळं मिळून ४०० जीबीच्या आसपास. शिवाय घरातल्या डीव्हीडी आणि सीडींवरची गाणी आहेत. हे सगळं बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर आणि दोन फोनवर दिसावं, आणि आईला तिच्या घरी बसून बघता यावं.

हाताशी एक लॅपटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी. स्क्रीन फुटली आहे, बाकी ठणठणीत.

बजेट म्हणजे एक हार्डडिस्क, बस. नवीन मशीन घेणार नाही, वर्गणीही नको. सॉफ्टवेअर मुक्त स्रोतच हवं. हे व्हिडिओ अजून वीस वर्षांनी उघडले पाहिजेत, उद्या एखाद्या कंपनीने धोरण बदललं म्हणून त्यांना कुलूप लागायला नको.

जेलीफिन (घरच्या मशीनवरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) बरोबर आहे का? हा लॅपटॉप झेपवेल का? आणि आईपर्यंत कसं पोचवायचं?

चौथामजला:
जेलीफिन डोळे झाकून टाका. पण लॅपटॉपचा नाद सोडा आणि एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) वाला छोटा मिनी पीसी घ्या. चार कोअर, प्रोसेसरचा टीडीपी (किती उष्णता बाहेर टाकतो ते माप) ६ वॉट, एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार सुद्धा हार्डवेअरमध्ये डीकोड करतो (उलगडतो). माझ्याकडे दीड वर्ष अखंड चालू आहे, एकदाही हँग झालेला नाही. एकाच वेळी तीन जण बघतात तरी पंख्याचा आवाज येत नाही.

टेपवाली:
धन्यवाद. पण नवीन मशीन घ्यायचं नाही असं वर लिहिलंय.

डिस्कोबा:
मशीनचं नंतर बघू, साठवणुकीचं आधी बोला. एकच डिस्क म्हणजे शून्य डिस्क. माझ्याकडे चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कांचा डबा) आहे, झेडएफएस या फाईल सिस्टिमवर, दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा जागेवर. दर महिन्याला स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) चालतो, एक बिट जरी सडला तरी चेकसममध्ये पकडला जातो. कौटुंबिक व्हिडिओंसाठी याहून कमी काही करू नये असं माझं ठाम मत आहे. आणि एसएमआर डिस्क चुकूनही घेऊ नका, विष आहे ते.

सावकाशकर:
डिस्कोबा, एसएमआरबद्दल अर्धंच सांगताय. तिथे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात आणि लिहिणं मंदावतं. रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) पुन्हा बांधताना त्याने जीव जातो, मान्य. पण यांना ४०० जीबी एकदा लिहायचंय आणि नंतर फक्त वाचायचंय. वाचताना काहीच फरक पडत नाही. साधी पोर्टेबल डिस्कही चालेल.

डिस्कोबा:
आज चालेल. उद्या फोटो येतील, परवा आणखी काही. माणसं डिस्क भरतच जातात, हे मी स्वतःच्या घरी पाहिलंय.

घरटं:
+१ एन१०० ला. मीपण तोच घेतला. जुने लॅपटॉप वीज खातात.

मधलीसुट्टी:
प्लेक्स (तसंच दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर) का नको? टीव्हीचं ॲप सगळ्यात सुटसुटीत आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांना पटकन जमतं. आणि ते मूळचं कोडी या मुक्त स्रोत मीडिया प्लेअरमधूनच आलंय, म्हणजे मुक्त स्रोतच झालं की.

खुलेपान:
नाही हो. प्लेक्सची सुरुवात एक्सबीएमसीच्या कोडपासून झाली हे खरं (त्याच एक्सबीएमसीचं नाव २०१४ मध्ये कोडी झालं), पण प्लेक्सचा सर्व्हर बंदिस्त आहे. हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (बघणाऱ्या उपकरणाला चालेल अशा प्रकारात व्हिडिओ ऐनवेळी बदलून देणं) पैसे लागतात, आणि २०२५ पासून स्वतःचेच व्हिडिओ घराबाहेरून बघायलाही. धागाकर्तीला ज्याची भीती वाटतेय ते हेच.

जेलीफिनचा जन्मच तसल्या एका धक्क्यातून झाला. एम्बी या तशाच मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केला, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात शेवटचा खुला कोड घेऊन काही जण वेगळे झाले. आज त्यात कुठलीही सोय पैशांमागे लपवलेली नाही. सर्व्हर स्वतःचा, खाती स्वतःच्या मशीनवर, इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात लॉगिन होतं. माझ्यासाठी प्रश्न तिथेच संपतो.

मधलीसुट्टी:
बरं, कोड खुला नाही हे मान्य. पण टीव्हीवरचं ॲप चांगलं नसेल तर खुलेपणाचं करायचं काय? आमच्या टीव्हीवर जेलीफिन ॲप दोनदा मधेच बंद पडलं, मी तिसऱ्यांदा उघडलं नाही.

वायरमामा:
डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, वर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), डॉकर कंपोझमध्ये जेलीफिन. एक फाईल सांभाळली की सगळं पुन्हा उभं करता येतं. थेट इन्स्टॉल करण्याच्या फंदात पडू नका.

खुलेपान:
एकाच सॉफ्टवेअरसाठी डॉकर कशाला? डेबियनसाठी जेलीफिनची स्वतःची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं ऑनलाइन कोठार) आहे, ती जोडली की नेहमीच्या अपडेटबरोबर तेही अपडेट होतं. डॉकरमध्ये ग्राफिक्सचं उपकरण आत द्या, गटाचे क्रमांक जुळवा, फोल्डरचे मार्ग दोन ठिकाणी लिहा. पहिल्यांदाच करणारा माणूस तिथेच अडकतो.

वायरमामा:
मी पहिल्यांदा थेटच टाकलं होतं. अपग्रेड करताना लायब्ररी बिघडली आणि मागे जाता येईना. डॉकरमध्ये कॉन्फिग फोल्डरची प्रत ठेवायची, बिघडलं की जुनी प्रत आणि जुनी आवृत्ती. दहा मिनिटांत परत.

खुलेपान:
ती प्रत थेट इन्स्टॉलमध्येही ठेवता येते. सर्व्हर थांबवायचा आणि फोल्डर उचलायचं.

पन्हाळी:
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा लॅपटॉप झेपवेल. तो काय डीकोड करू शकत नाही ते सोडा, तुमच्याकडे काय आहे ते बघा. चौथ्या पिढीच्या इंटेलला एचईव्हीसी (४के व्हिडिओंत नेहमी दिसणारा प्रकार) हार्डवेअरमध्ये येत नाही. ८ बिट सहाव्या पिढीत आलं, १० बिट सातव्या पिढीत. पण तुमच्याकडे ४के चित्रपट नाहीतच. डीव्हीडीचं एमपेग-२ आणि एच.२६४ हे व्हिडिओ प्रकार या प्रोसेसरला हार्डवेअरमध्ये येतात. डीव्ही टेपचं चित्र तर इतकं लहान की नुसत्या सीपीयूवरही सहज निघेल. लिनक्सवर हार्डवेअरचा पर्याय निवडताना मात्र यादीतलं क्विकसिंक नको, व्हीएएपीआय घ्या. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला जुना आय९६५ ड्रायव्हर लागतो. आणि जेलीफिन ज्या लिनक्स खात्यावर चालतं त्याला रेंडर गटात (ग्राफिक्स वापरायची परवानगी देणारा गट) घालायला विसरू नका, नाहीतर सेटिंग बरोबर दिसतं आणि काम सगळं सीपीयूच करत बसतो.

त्याहून चांगलं म्हणजे ट्रान्सकोडिंगची वेळच येऊ देऊ नका. मूळ डीव्ही फायली तशाच ठेवा, त्यांना अजिबात हात लावू नका. त्यांच्यापासून एकदाच एच.२६४ च्या एमपी४ प्रती काढा. टेपचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकेका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. कोणी पळालं की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावलात तर दोन्ही क्षण सुटे होतात आणि हालचाल टेपवर होती तितकीच सलग राहते. लहान मूल धावत येतंय अशा प्रसंगात हा फरक मला स्पष्ट जाणवला. लॅपटॉपला रात्री कामाला लावा, आठवडाभरात सगळ्या होतील. या प्रती टीव्ही आणि फोन थेट चालवतील, सर्व्हरने फक्त फाईल पाठवायची.

अजून एक. या व्हिडिओंची लायब्ररी करताना प्रकार 'चित्रपट' निवडू नका, 'घरगुती व्हिडिओ आणि फोटो' निवडा. मी ते केलं नव्हतं. माझ्या भाच्याच्या पहिल्या पावलांच्या व्हिडिओला सर्व्हरने कुठल्यातरी भयपटाचं पोस्टर लावलं आणि माझ्या बहिणीने नेमकं तेच आधी पाहिलं.

टेपवाली:
पन्हाळी, मनापासून आभार. दातेरी कडा मला दिसत होत्या, मला वाटलं टेपच खराब झाल्या.

चौथामजला:
पन्हाळींचं बरोबर आहे, पण एन१०० असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सावकाशकर:
लॅपटॉपबद्दल दोन गोष्टी. झाकण बंद केल्यावर तो झोपी जातो. लॉगइंड या लिनक्स सेवेच्या कॉन्फिगमध्ये हँडललिडस्विच हे 'इग्नोर' करा. आणि बॅटरी काढून ठेवा. चोवीस तास चार्जरवर राहून माझ्या लॅपटॉपची बॅटरी इतकी फुगली की टचपॅड वर उचललं गेलं. ते लक्षात यायला मला तीन महिने लागले, तोवर तो कपाटात कपड्यांशेजारी चालू होता. आठवलं की आजही धस्स होतं. काही मशीन बॅटरीशिवाय प्रोसेसरचा वेग उतरवतात, तेवढं तपासून घ्या.

घरटं:
म्हणूनच मिनी पीसी बरा. बॅटरीच नाही.

एकटाकी:
यूएसबी डिस्क लावणार असाल तर माझं ऐकाच. माझ्या डिस्कची वायर सैल होती. एका रात्री मशीन रीस्टार्ट झालं, डिस्क माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) नाही, तिच्या जागी रिकामं फोल्डर राहिलं. जेलीफिनने स्कॅन केलं, फायली सापडेनात म्हणून लायब्ररीतल्या नोंदी काढून टाकल्या. इथपर्यंत ठीक. पण पहाटे चारला बॅकअपची स्क्रिप्ट चालायची, त्यात आरसिंकला (फायलींची प्रत काढणारी आज्ञा) डिलीट पर्याय लावलेला, म्हणजे स्रोतात नसलेलं बॅकअपमधूनही पुसायचं. स्रोत रिकामा दिसला, तिने बॅकअपही रिकामा केला. मूळ डिस्क धड होती म्हणून वाचलो. सकाळी सहाला दोन्ही फोल्डर रिकामी बघितल्यावर काय वाटलं ते सांगता येणार नाही.

तेव्हापासून: एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) डिस्क यूयूआयडीने (तिचा कायमचा ओळख क्रमांक) लिहा, सोबत नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होईल. डिस्कवर एक छोटी खुणेची फाईल ठेवा. ती दिसली तरच स्क्रिप्टने पुढे जायचं. आणि बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवू नका.

डिस्कोबा:
माझ्या नॅसवर हे होणं शक्य नाही.

एकटाकी:
वायर सैल होणार नाही. पण चुकीची आज्ञा दिली तर चारही डिस्क ती एकदमच पाळतील. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. घर एकच असेल तर आग आणि चोर दोघांनाही चार खण म्हणजे एकच डबा.

डिस्कोबा:
स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) असतात त्यासाठी. बाकी दुसरी प्रत बाहेर हवी हे मान्य.

पाऊलवाट:
कोणाला मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात का? मला दिसायचे. सर्व्हर सबटायटल चित्रातच भाजून पाठवत असेल तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट लागतो. नोटो सॅन्स देवनागरी सर्व्हरवर इन्स्टॉल केला, सुटलं. एसआरटी (सबटायटलची) फाईल यूटीएफ-८ अक्षरसंकेतातच साठवा.

मधलीसुट्टी:
हे कामाचं आहे, खूण करून ठेवली. फोटोंसाठी इमिच (घरच्या सर्व्हरवरचं फोटो सॉफ्टवेअर) वापरतं का कोणी?

पन्हाळी:
वापरते, फार छान आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे आईपर्यंत पोचवायचं राहिलंय.

वायरमामा:
राउटरवर ८०९६ पोर्ट (जेलीफिनचं प्रवेशद्वार) बाहेरच्यांसाठी उघडा, झालं. मी दोन वर्षं तसंच चालवतोय.

खुलेपान:
कृपा करून असं सांगू नका. उघडं पोर्ट स्वयंचलित स्कॅनरना लगेच सापडतं, आणि साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडाच जातो. वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन घरांमधला खाजगी, कूटबद्ध मार्ग) वापरा, २०२० पासून तो लिनक्स कर्नलमध्येच आहे. सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना वाटून देत असेल तर पोर्ट उघडूनही उपयोग नाही, मग टेलस्केल, वायरगार्डवरच उभी असलेली सेवा.

वायरमामा:
रिव्हर्स प्रॉक्सी (पुढे उभा राहून सुरक्षित जोडणी देणारा मध्यस्थ) आणि प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, ते लिहायचं राहिलं. तरीही ज्याच्या त्याच्या आईने व्हीपीएन चालू करायचं, हे मला व्यवहार्य वाटत नाही.

खुलेपान:
माझी करते. एकदा दाखवलं होतं.

टेपवाली:
सगळ्यांचे आभार. दोन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

लॅपटॉप तोच ठेवला, बॅटरी काढली. डेबियनवर जेलीफिन थेट टाकलं, डॉकर नाही. पन्हाळींनी सांगितलं तशा ३१ च्या ३१ कॅसेटच्या एमपी४ प्रती झाल्या आणि सगळ्या मिळून ९० जीबीत बसल्या. टीव्हीवर पाहिल्या. दाते गेले.

आईसाठी मात्र तुम्ही सांगितलेलं काहीच केलं नाही. पोर्ट नाही, वायरगार्ड नाही, टेलस्केल नाही. एकटाकींचं वाचून झोप लागेना, म्हणून बजेट मोडलं आणि एकीऐवजी दोन डिस्क घेतल्या. दुसरीवर मूळ डीव्ही फायली आणि एमपी४ प्रती दोन्ही भरल्या आणि ती आईकडे ठेवायची ठरवली. तिच्या टीव्हीला यूएसबी आहे, ती थेट लावून बघेल. तिला पासवर्ड नको, आणि माझी दुसरी प्रत दुसऱ्या घरात राहील. नवीन काही उतरवलं की जाताना घेऊन जाईन.

खुलेपान:
मग आईला नवीन व्हिडिओ बघायला तुमची वाट बघावी लागणार.

टेपवाली:
हो. नवीन फार नाहीच आहे. बाबांच्या सगळ्या कॅसेट झाल्या.

एकटाकी:
नेण्याआधी एक करा. डिस्क लिनक्सच्या एक्सटी४ या फॉरमॅटवर असेल तर बहुतेक टीव्हींना ती दिसणारच नाही. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही, म्हणजे मूळ टेपा बसणार नाहीत. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा, पण आधी त्याच प्रकारचा पेनड्राइव्ह करून एक फाईल आईच्या टीव्हीवर चालवून बघा. आणि मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, चुकून पुसल्या जायला नकोत.

टेपवाली:
बरं झालं सांगितलंत, मी एक्सटी४ च केली होती. आज रात्री पुन्हा भरते. रविवारी जाणार आहे.