आधी आलेले, मागून आलेले : स्थलांतरितांच्या देशांतले अनुभव

व्हिसा, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) आणि नोकऱ्यांवर आपलं पुष्कळ बोलून झालंय. या धाग्यावर जरा वेगळं लिहूया. बाहेरून आलेल्यांनीच जो देश घडवला, तिथे तुमच्या आधी किंवा मागून आलेली माणसं तुम्हाला कशी भेटली? ऐकीव नको; स्वतःचं, नाहीतर घरातलं लिहा. (अमेरिकेला या वेळी विश्रांती.) आतापर्यंत वेगवेगळ्या मंडळींनी लिहिलेलं खाली.

मेलबर्न
शेजारचे आजोबा ग्रीक. पन्नासच्या दशकात बोटीने आले आणि आयुष्यभर कारखान्यात राबले. गोरेतरांना बाहेर ठेवणारं १९०१ चं धोरण पुरतं संपलं ते १९७३ साली. म्हणजे आजोबा आले तेव्हा माझ्या वडिलांना इथे दार बंदच होतं. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आम्हाला तरी कुठे कुणी गोरं समजत होतं?" आणि हेच आजोबा कुंपणापलीकडून टोमॅटो देता देता कुरकुरतात, हल्ली फार लोक येतात म्हणून! हसू नका. २०२१ च्या जनगणनेत जन्मदेशांच्या यादीत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या पाठोपाठ भारत आहे, आणि नव्या विद्यार्थ्यांबद्दल आपली मंडळी काय बोलतात ते कुठल्याही गणपतीच्या जेवणावळीत ऐका.

अश्दोद, इस्रायल
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आजी-आजोबा इथे आले आणि धर्मपीठाने आमच्या लोकांच्या ज्यूपणावरच शंका काढली. आमच्याशी लग्न लावायचं तर आधी पूर्वजांची चौकशी! १९६४ साली मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. आजी त्यावर आजही तावातावाने बोलते. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघातून लाखो लोक आले. गल्लीतल्या दुकानांवर रशियन पाट्या लागल्या, आजी भाजी घेण्यापुरतं रशियन शिकली. त्या लोकांच्याही ज्यूपणावर शंका घेतली गेली, आणि घेणाऱ्यांत आमचे काका सगळ्यांत पुढे. घरात मलिद्याचा विधी होतो, मराठीत भांडणंही होतात. फक्त १९४८ पर्यंत इथे जवळच इस्दूद नावाचं अरब गाव होतं, तो विषय कधी निघत नाही.

ब्वेनोस आयरेस, अर्जेंटिना
ऑफिसात निम्मी आडनावं इटालियन. दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी (बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे) खायची, ताटाखाली नोट ठेवायची, म्हणजे पैसा टिकतो म्हणे. मी ठेवतो. टिकत नाही.

मॉरिशस (फिरायला गेले होते)
पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर नेणारे टॅक्सीवाले काका मराठी निघाले. १८३४ पासून भारतातून करारावरचे मजूर इथे आणले, ते मुख्यतः उसासाठी. काकांचं आडनाव म्हणजे बोटीवरून उतरलेल्या पूर्वजाचं पहिलं नाव. मोका या गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदींतून त्यांना जिल्हा कळला, रत्नागिरी. गाव नाही. घरी क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) बोलतात, आरती मात्र मराठीत, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी! मला म्हणाले, "तुम्ही पाहुण्या." आमच्या आळीत असतं तर मीच त्यांना पाहुणे म्हटलं असतं.

दुबई
थोडा विरोधी सूर. इथे दहातले जवळपास नऊ जण बाहेरचे. मुलगी इथेच जन्मली, तरी तिचा पासपोर्ट भारतीयच. गोल्डन व्हिसा (दीर्घ मुदतीचा राहण्याचा परवाना) झाला तरी फार तर दहा वर्षांचा. देश आम्ही बांधला म्हणायचं आणि नोकरी सुटली की बॅगा भरायच्या. याला धाग्यात बसवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, कतार-कुवेतवाल्यांनीही लिहा.