जुन्या सिनेमाला हसणारे अण्णा मोनोलॉगला का हसत नाहीत?

राजारामपुरीकर (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी शनिवारची रात्र ठरून गेली आहे. जेवणे आटोपली, की मी आणि माझे वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय वर्षे ७८) एखादा जुना कृष्णधवल इंग्रजी चित्रपट पाहतो आणि तो संपल्यावर, डोळे मिटू लागेपर्यंत, अमेरिकेतल्या रात्रीच्या विनोदी गप्पांच्या कार्यक्रमाचा एखादा जुना भाग लावतो. अण्णांना या चित्रपटांची गोडी नव्वदच्या दशकात लागली. तेव्हा केबलच्या एकाच वाहिनीवर दिवसा कार्टून नेटवर्क असे आणि त्याची वेळ संपली की टीएनटी सुरू होऊन हॉलिवूडचे जुने चित्रपट लागत. कार्टून संपले म्हणून आम्ही मुले हिरमुसून उठायचो आणि आमची जागा गार व्हायच्या आत अण्णा तिथे येऊन बसायचे.

चित्रपटांबाबत काहीच तक्रार नाही. मार्क्स बंधूंचा १९३३ सालचा ‘डक सूप’ लावला होता. त्यात हार्पो हा ग्राउचोसमोर उभा राहून आरशातले प्रतिबिंब असल्याचे सोंग करतो, त्या प्रसंगाला अण्णा इतके हसले, की ठसका लागून मला पाणी आणायला उठावे लागले. त्यानंतर मी हौसेने जॉनी कार्सनचा ‘टुनाइट शो’ लावला. १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, हा मनुष्य अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर पडदा बाजूला सारून बाहेर येई, उभ्याउभ्या त्या दिवसाच्या घडामोडींवर काही मिनिटे विनोद करी, ज्याला ते लोक मोनोलॉग म्हणतात, आणि मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारी. तिथले प्रेक्षक टाळ्या पिटत होते आणि आमचे अण्णा परक्याच्या लग्नात पंगतीला बसल्यासारखे गप्प होते. इंग्रजीची अडचण म्हणावी, तर त्यांची सारी नोकरी बँकेत गेली आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचल्याशिवाय आजही त्यांची सकाळ सुरू होत नाही. या प्रकाराचेच वावडे म्हणावे, तर शेखर सुमन सोनीवर ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये नेमके हेच करत असत आणि ते पाहण्यासाठी अण्णा मुद्दाम जागत.

खरे सांगायचे, तर मीसुद्धा मोनोलॉगला हसतो ते तिथले प्रेक्षक हसतात म्हणूनच. म्हणून विचारतो, की नव्वद वर्षांपूर्वीचा चित्रपट ताजा वाटावा आणि चाळीस वर्षांपूर्वीचा मोनोलॉग शिळा, असे का होत असेल? तो सरळ सोडून द्यावा, की पाहण्याची काही निराळी रीत आहे?

बोर्डावरून यांचे उत्तर

अण्णांना एवढेच सांगून पाहा, की मोनोलॉग म्हणजे तमाशातली बतावणी आहे. त्यांच्या वयाच्या कोल्हापूरकराने जत्रेत तमाशा पाहिला नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही.

गण झाला, गौळण झाली, की वगाच्या आधी बतावणी येते, आणि वगाला जशी बांधलेली कथा असते तशी बतावणीला नसते. आमच्या गावच्या जत्रेला येणाऱ्या फडातला सोंगाड्या दुपारी टपरीवर चहा पीत बसायचा आणि सरपंच कोण, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, कोणाची मोटार विहिरीत पडली, हे सगळे हळूच काढून घ्यायचा. रात्री तेच बोर्डावर आले, की सगळा गाव लोळायचा. दुसऱ्या दिवशी पाच कोसांवरच्या गावात तोच विनोद केला असता, तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते. वग मात्र दोन्ही गावांत तोच असे आणि दोन्हीकडे रंगे. तुमचा चित्रपट हा वग आहे. आरशाच्या प्रसंगाला गाव लागत नाही, साल लागत नाही आणि त्यात एक शब्दही नसल्यामुळे भाषासुद्धा लागत नाही. शेखर सुमन वाजपेयींची नक्कल करत, तेव्हा अण्णांनी वाजपेयींना त्याच संध्याकाळी बातम्यांत पाहिलेले असे, म्हणून ती बतावणी त्यांच्या गावची होती.

कार्सनचे लेखक तरी काय करत? दिवसाची वर्तमानपत्रे चाळून विनोद लिहीत, ते मोठ्या पुठ्ठ्यांवर उतरवून कॅमेऱ्याशेजारी धरले जात आणि कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास चित्रित होई. म्हणजे रात्रीचा म्हणून जगभर गाजलेला हा कार्यक्रम प्रत्यक्षात चहाच्या वेळी उरकलेला असे. तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेअकराला लागे, तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ किंवा दहा वाजलेले असणार, म्हणजे मिसळीची वेळ. सकाळी सुचलेला विनोद मध्यरात्रीपर्यंत टिकला, की त्याचे काम झाले. तो चाळीस वर्षांनी राजारामपुरीत टिकला नाही, यात त्याचा काय गुन्हा?

तरीही सोडून देऊ नका. पाहण्याची रीत विचारलीत, तर विनोद ऐकू नका, विनोद पडल्यावर हा गृहस्थ काय करतो ते पाहा. कार्सनचे खरे कसब तिथे आहे. प्रेक्षक हसले नाहीत, की तो घाबरत नाही. भुवई किंचित उचलतो, टायची गाठ चाचपतो, प्रेक्षकांकडे असा पाहतो जणू चूक त्यांचीच झाली आहे. फारच पडझड झाली, तर वाद्यवृंद ‘टी फॉर टू’ या जुन्या गाण्याची चाल धरी आणि कार्सन तिथल्या तिथे पाय घासत नाचू लागे. पडलेल्या विनोदावर त्याला जो हशा मिळे, तो चांगल्या विनोदालाही मिळत नसे. आपल्याकडे चांगला सोंगाड्या ओळखायची हीच खूण होती, आणि ही गोष्ट शिळी होत नाही.

तिसरी घंटा यांचे उत्तर

बतावणीचा दाखला मला पूर्ण मान्य आहे, पण त्यावरून निघणारा सल्ला मात्र मान्य नाही. शनिवारची रात्र आहे, विनोदशास्त्राची परीक्षा नव्हे. आठवडाभर वाट पाहून बसलेल्या ७८ वर्षांच्या माणसाला ‘विनोद ऐकू नका, भुवई पाहा’ असे कसे सांगायचे? मोनोलॉग पुढे ढकला आणि सोफ्यावरच्या गप्पांपासून सुरुवात करा. नाव विनोदी कार्यक्रमाचे असले, तरी या कार्यक्रमांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे जुन्या नटनट्यांचे बोलणे. ज्यांना आपण फक्त भूमिकेत पाहिले, ती माणसे इथे स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वयात, कधी कधी तर स्वतःच्या विसरभोळेपणासकट भेटतात.

त्यासाठी कार्सनच्या आधी डिक कॅव्हेट लावा. हा पूर्वी कार्सनसाठीच विनोद लिहीत असे. १९६९ च्या अखेरीस एबीसीवर त्याचा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात त्याने एकाच पाहुण्याला अख्खा कार्यक्रम देण्याची पद्धत पाडली. १९७३ मध्ये कॅथरिन हेपबर्न त्याच्याकडे आल्या. दूरचित्रवाणीवर मुलाखत देणे त्यांनी तोवर टाळले होते आणि त्या दिवशीही त्या फक्त स्टुडिओची जागा पाहायला म्हणून आल्या होत्या. पण आलेच आहे तर आत्ताच करून टाकू, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यामुळे त्या मुलाखतीत समोर प्रेक्षक नाहीत, हशा नाही, टाळ्या नाहीत. आहे ती फक्त एका करारी बाईची हुकमत, जी मांडलेल्या सामानापासून मुलाखतकारापर्यंत सगळ्यांवर चालते. अण्णांना ती बाई आवडेल, अशी मला खात्री वाटते.

पण आधी चित्रपट कोणता? हेपबर्न आणि कॅरी ग्रँट यांचा १९३८ चा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ लावा, आणि शक्य झाल्यास त्याच्या आदल्या शनिवारी आपला ‘ब्रह्मचारी’. तोही १९३८ चाच. हंस पिक्चर्स ही मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये इथेच, कोल्हापुरात, काढलेली संस्था. लेखन आचार्य अत्रे यांचे आणि दिग्दर्शन विनायकांचे. एकीकडे आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर आणि त्याची शपथ मोडायला निघालेली किशोरी, दुसरीकडे प्राण्यांच्या सांगाड्यांत डोके खुपसून बसलेला प्राध्यापक आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेली, बिबट्या पाळणारी तरुणी. एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन बायका पुरुषांची घमेंड उतरवीत होत्या, आणि त्यांतले एक टोक आपल्या गावात होते, ही गोष्ट शाळेत असताना आम्हाला कोणी सांगितली असती, तर बरे झाले असते.

दुसरी जोडी जेम्स स्टुअर्ट यांची. १९५० च्या ‘हार्वे’मध्ये ते कोणालाही न दिसणाऱ्या सहा फुटी सशाशी गप्पा मारतात. त्यानंतर १९८१ चा कार्सनचा तो भाग लावा, ज्यात त्यांनी आपल्या मेलेल्या कुत्र्यावरची स्वतःची कविता खिशातून काढून वाचली. सुरुवातीला प्रेक्षक खदखदून हसतात, शेवटी कार्सन डोळे पुसतो. एवढ्या थोड्या मिनिटांत हशाकडून डोळ्यांतल्या पाण्याकडे नेणारे वाचन मी दुसरे पाहिलेले नाही.

एकच विनंती आहे, की दोन-तीन मिनिटांचे तुकडे लावू नका. युट्यूबवर दोन्ही कार्यक्रमांच्या अधिकृत वाहिन्या आहेत. तिथे जितका सलग भाग मिळेल तितका पाहा. तुकड्यात फक्त हशाची जागा कापून ठेवलेली असते आणि तिच्याआधीची शांतता गेलेली असते.

जुनी फीत यांचे उत्तर

दोघांच्या मधले सुचवतो. बातमी आधी सांगितली, तर काही मोनोलॉग आजही चालतात. १९ डिसेंबर १९७३ रोजी कार्सनने टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला. विस्कॉन्सिनच्या एका खासदाराने तशी शक्यता बोलून दाखवली होती, तेवढाच आधार. दुसऱ्या दिवशी लोकांनी दुकाने रिकामी केली आणि लोकांनीच साठा केल्यामुळे नसलेली टंचाई खरोखर झाली. पुढे कार्सनला कार्यक्रमातच खुलासा करावा लागला. पामतेल आणि साखरेसाठी रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही, आणि आपल्याला २०२० चा मार्च आठवतोच.

शोधताना एक लक्षात ठेवा, की कार्सनच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग आता उरलेले नाहीत, कारण त्या काळी फिती महाग असल्यामुळे त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या जात. पहिल्या रात्री कार्सनची ओळख करून द्यायला ‘डक सूप’वाले ग्राउचोच आले होते, पण ते पाहण्याच्या आशेने रात्र घालवू नका. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट गमावलेल्या आणि १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळताना पाहिलेल्या आपल्या कोल्हापूरला याचे नवल वाटू नये. मला मात्र अजून वाटते, की एनबीसीसारख्या एवढ्या श्रीमंत कंपनीला चार फिती जास्त घेता आल्या नसत्या का?

राजारामपुरीकर यांचे प्रत्युत्तर

तिघांचेही मनापासून आभार. दोन शनिवार गेले, म्हणून कळवतो.

पहिल्या शनिवारी ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आणि नंतर हेपबर्न असा बेत केला. बिबट्याला अण्णा हसलेच, पण मुलाखत त्यांनी पुढे सरकून, चष्मा पुसून पाहिली, आणि मी अकराच्या सुमारास बंद करू का विचारले, तेव्हा त्यांनी हातानेच मला गप्प बसवले. ‘ब्रह्मचारी’ त्यांनी फार पूर्वी पाहिलेला आहे, असे त्या रात्री प्रथमच कळले. तो आता पुढच्या आठवड्यात.

काल मात्र मी हट्टाने मोनोलॉगच लावला, आणि सुरू होण्यापूर्वी ‘ही बतावणी आहे, अण्णा’ एवढेच सांगितले. तीन विनोद गेले, चौथा पडला, कार्सनने टाय चाचपला आणि अण्णा मोठ्याने हसले. ‘सापडला गडी’ असे काहीसे म्हणाले आणि मग शेवटपर्यंत प्रत्येक पडलेल्या विनोदाची वाट पाहत बसले. मोनोलॉग संपला, कार्सनने नेहमीप्रमाणे काल्पनिक गोल्फचा फटका मारला आणि तो टेबलामागे जाऊन बसला. अण्णा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी मला विचारले, “बतावणी झाली की. यांचा वग कधी सुरू व्हायचा?”